अफवेचा रूट कॉज

२०२० साली मी शाळेत होते. फॅमिली ग्रुपवर मेसेज आला : ‘कोरोनाच्या नावाखाली हॉस्पिटलमध्ये नेतात आणि किडनी काढून घेतात.’ मी तो हसत हसत आजीला वाचून दाखवला. पुढे तिला ताप आला, तेव्हा ती चार दिवस हॉस्पिटलमध्ये जायला तयारच होईना! आजी वाचली. पण प्रश्न उरला, माणसं असल्या गोष्टींवर विश्वास का ठेवतात? अडाणी म्हणून?

माझे बाबा चाकणला क्वालिटीमध्ये आहेत. ते सांगतात, रिपोर्टमध्ये ‘ऑपरेटरची चूक’ लिहिलं की तो परत येतो. पाच वेळा ‘का?’ विचारावं लागतं. चला, विचारू या.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. त्याच सुमारास राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला कुणीतरी डांबर फासलं. ते आपणच केलं, असं पुढे आपल्या चिंचवडच्या दामोदर चापेकरांनी लिहून ठेवलं. लगेच अफवा उठली : राणी चिडली आहे, तिला माणसांची काळजं हवीत, म्हणून रोग्यांना धरून नेतात! ऑक्टोबरअखेर गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर हल्ला केला.

का?

१) रोग कसा पसरतो हे माहीत नव्हतं. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे सिमाँ या शास्त्रज्ञाने मांडलं ते १८९८ मध्ये. तोवर डॉक्टरही अंधारात होते.

२) आत गेलेला माणूस बहुधा परत येत नसे. आत काय घडलं हे घरच्यांना दिसतच नव्हतं.

३) सरकारवर विश्वास नव्हता. १८९७ मध्ये पुण्यात रँडच्या कारकिर्दीत गोरे सोल्जर घरात घुसून माणसं बाहेर काढत. २२ जूनला चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. म्हणजे अफवा खोटी, पण तिच्यामागची भीती खरी होती.

२०२० मध्येही रोग नवा, पेशंट एकटा आणि दरवाजा बंद! पोकळी दिसली की अफवा शिरते. आपल्याकडे ५जी सुरू झालं ऑक्टोबर २०२२ मध्ये, पण ‘५जी टॉवरमुळे कोरोना’ हे आधीच पसरलं होतं.

मग उपाय? हाफकिनने जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. आजीलाही माझ्या लेक्चरने पटलं नाही. हॉस्पिटलमधून बरी होऊन आलेली आत्या दारातूनच म्हणाली, “आई, मी आत जाऊन आले. बघा, धडधाकट आहे.” तेव्हा आजी उठली.

म्हणून पुढच्या वेळी ‘लोक मूर्ख आहेत’ असं लिहून रिपोर्ट बंद करू नका. आणि मेसेज हसत हसत वाचून दाखवण्याआधी, ऐकणारं कोण आहे तेवढं बघा. मी बघितलं नव्हतं.