वाचनालयातून सॉफ्टवेअर : एक अभ्यास



वाचनालय पुस्तक देते ते परत घेण्याच्या बोलीवर. सॉफ्टवेअरचा मात्र एक प्रकार असा आहे, की तो वाचकाने परत आणायचाच नाही. उलट शेजाऱ्यालाही उतरवून द्यायचा, आणि त्यात कायद्याचा भंग होत नाही. हे मुक्त सॉफ्टवेअर. मुक्त म्हणजे नुसते फुकट नव्हे. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली सुरू केलेल्या या चळवळीत वापरणाऱ्याला चार मोकळिकी असतात : कोणत्याही कामासाठी वापरणे, आतली रचना अभ्यासून बदलणे, प्रती वाटणे आणि बदललेल्या प्रतीही वाटणे.

आपल्या पाड्यांवरची मुले तालुक्याच्या दुकानातून चोरीची प्रत भरून आणतात. सोबत व्हायरस येतो तो वेगळाच. पण मुलाची संगणकाशी पहिली ओळख चोरीच्या मालाने व्हावी, हे मला पटत नाही. गरिबाला दुसरा मार्ग नाही असे आपण धरून चालतो. मार्ग आहे, आणि तो वाचनालयाच्या दारातून जातो.

न्यूझीलंडमधील हॉरोव्हेनुआ या ग्रामीण जिल्ह्याचे उदाहरण पाहा. लेविन हे त्याचे मुख्य गाव. तेथील ग्रंथालय न्यासाची जुनी संगणक-प्रणाली २००० साल उजाडल्यावर चालणार नव्हती. तेव्हा १९९९ मध्ये न्यासाने कटिपो या कंपनीकडून नवी प्रणाली लिहून घेतली. जानेवारी २००० मध्ये ती कामाला लागली आणि न्यासाने ती मुक्त परवान्याखाली सर्वांना देऊन टाकली. तिचे नाव ‘कोहा’. माओरी भाषेत कोहा म्हणजे पाहुण्याने यजमानाला द्यायची भेट, परस्पर देण्याघेण्याची जाणीव असलेली. आज जगभरची ग्रंथालये, भारतातलीही, ती वापरतात. परवान्याचे पैसे पडत नाहीत; संगणक, वीज आणि ती बसवून सांभाळणारा माणूस यांचा खर्च मात्र राहतोच. (दोनशे पुस्तकांच्या कपाटाला कोहा लावू नये. तिथे वही पुरते.)

आपल्याकडे १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानुसार मान्य वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. ‘ड’ वर्गाच्या वाचनालयालाही एक जुना संगणक आणि दोन पेन ड्राइव्ह एवढ्यावर सुरुवात करता येईल. एकावर लिनक्सची हलकी आवृत्ती आणि लिब्रेऑफिस ठेवावे. अर्ज, पत्र, हिशेब सारे त्यावर होते आणि ते मराठीतून वापरता येते. दुसऱ्यावर किविक्स आणि मराठी विकिपीडिया. इंटरनेट नसलेल्या वस्तीतही मग मूल लेख वाचू शकते. वाचकाने आपला पेन ड्राइव्ह आणावा, ग्रंथपालाने प्रत करून द्यावी आणि नोंदवहीत नाव लिहावे. प्रत्येक सॉफ्टवेअरचा परवाना वाचून त्याची छापील प्रत टेबलावर ठेवावी. काही परवान्यांत मूळ स्रोतही मागेल त्याला मिळाला पाहिजे अशी अट असते, ती पाळावी.

आपल्या भाषांचाही यात संबंध आहे. मसराम गोंडी लिपी २०१७ साली आणि गुंजाळा गोंडी लिपी २०१८ साली युनिकोडमध्ये आली. त्यांचे मुक्त फॉन्ट उपलब्ध आहेत, तेही त्याच पेन ड्राइव्हवर मावतील. उद्या कोणाला लिब्रेऑफिस कोरकूत, भिलीत किंवा वारलीत आणायचे असेल, तर कोणत्याही कंपनीची परवानगी काढावी लागणार नाही. शब्द सुचवायला जुनी जाणती माणसे आणि ते टंकायला शिकलेली पोरे मात्र एकत्र बसवावी लागतील.