शून्यावरचा काटा

"मॅडम, हे टेक्निकल आहे, तुम्हाला नाही कळणार." हे वाक्य ज्या एसीच्या कंत्राटदाराने मला भर मीटिंगमध्ये ऐकवलं, त्याने आमच्या इमारतीचे पैसे खाल्ले आणि वर सगळ्या मजल्यांना शिळी हवा पाजली. मी कर सल्लागार आहे, एएचयूचं, म्हणजे हवा गाळून, गार करून मजल्यावर सोडणाऱ्या यंत्राचं, शिक्षण माझं झालेलं नाही. पण रिपोर्टात सगळीकडे 'ओके' आणि गाळ्यांत माणसं घामाघूम, तर मधे कुठेतरी पाणी मुरतंय, हे कळायला इंजिनियर व्हावं लागत नाही.

आमची इमारत ठाण्यात, घोडबंदर रोडवर. सगळे ऑफिसचे गाळे, गच्चीवर चिलर, प्रत्येक मजल्यावर एएचयूची खोली. समोर मेट्रो ४ चं काम निघालं तेव्हापासून इथल्या धुळीबद्दल ठाणेकरांना मी वेगळं काय सांगायचं! ऑक्टोबर ते फेब्रुवारी तर सकाळी पुसलेलं टेबल दुपारी पुन्हा पुसावं लागतं. अशा ठिकाणी कंत्राटात 'फिल्टर सफाई : तिमाही' असं लिहिलेलं होतं. ही तिमाही कुठून आली, असं मी विचारलं होतं. इतिवृत्तात ते आहे, ज्यांना शंका असेल त्यांनी येऊन वाचावं. अध्यक्ष म्हणाले, सगळीकडे असंच असतं. आणि या कंत्राटदाराचा रेट सगळ्यांत कमी, तोही 'कॉम्प्रिहेन्सिव्ह', म्हणजे फिल्टर, बेल्ट, बेअरिंग सगळं त्याच्याच खर्चाने. कमिटीला कोण आनंद!

या 'कॉम्प्रिहेन्सिव्ह'मधली गोम कुणी बघितलीच नाही. फिल्टर बदलला की कंत्राटदाराच्या खिशातून जातात, नाही बदलला की खिशात राहतात. विजेचं बिल सोसायटी भरणार, चिलरचा कॉम्प्रेसर घासला तर त्याचा भुर्दंड पुढच्या कमिटीच्या माथी. मग तो फिल्टर कशाला बदलेल?

तक्रारी उन्हाळ्यात सुरू झाल्या. तिसऱ्या मजल्यावर गार होत नाही, पाचव्यावर दुपारनंतर डोकं जड होतं. यावर कंत्राटदाराचे उपाय म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. आधी चिलरच्या पाण्याचं तापमान खाली आणलं. ते एका अंशाने उतरवलं की चिलर साधारण दोन-तीन टक्के जास्त वीज खातो, हे मला नंतर कळलं, त्याला तेव्हाच माहीत असणार. मग प्रत्येक एएचयूला बाहेरची ताजी हवा घेणारी झडप, तो डॅम्पर, त्याने तारेने बांधून बंद केला. बाहेरची गरम हवा आत आली नाही की गारवा लवकर येतो, हे खरं. पण माणसं दिवसभर एकमेकांचा उच्छ्वास आत घेत बसतात. पाचव्या मजल्यावरच्या एका गाळेधारकाने कार्बन डायऑक्साइड मोजायचं यंत्र आणलं होतं. बाहेरच्या हवेत हा वायू साधारण ४२० पीपीएम असतो, ऑफिसात हजाराच्या वर गेला की ताजी हवा कमी पडतेय असं धरतात. त्याच्या मीटिंग रूममध्ये जेवणानंतर आकडा १८०० च्या पुढे. कंत्राटदार काय म्हणाला? "चायनीज मशीन आहे, सोडा." (यंत्र घ्यायचं तर 'एनडीआयआर' सेन्सरचं घ्या. अगदी स्वस्तातली बरीच यंत्रं हा वायू मोजत नाहीत, दुसऱ्याच कशावरून तरी अंदाज बांधतात. म्हणजे त्याचं म्हणणं एरवी खरं ठरलं असतं. या यंत्राच्या बाबतीत नव्हतं.)

एक दिवस मी तिसऱ्या मजल्याच्या एएचयू खोलीत जाऊन उभी राहिले. कंत्राटदाराकडचा एक मुलगा सर्व्हिसला आला होता. भिंतीवर एक गोल गेज असतं. फिल्टरच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या हवेच्या दाबातला फरक ते दाखवतं, पास्कलमध्ये. दर महिन्याच्या चेकलिस्टवर या गेजसमोर '०' लिहिलेलं असायचं आणि पुढे कंसात 'क्लीन'. शून्य म्हणजे स्वच्छ, असं आम्हाला सांगितलं होतं. मी त्या मुलाला म्हटलं, पंखा बंद कर. काटा शून्यावर. आता चालू कर. पंखा घरघरायला लागला, काटा शून्यावर. मला विज्ञान फारसं येत नाही, पण वारा सुरू असताना आणि थांबलेला असताना जे यंत्र एकच आकडा दाखवतं, ते काहीच मोजत नाही एवढं समजतं. मी विचारलं, "हे चालतं का रे?" तो आधी गप्प. मग हळूच म्हणाला, "मॅडम, नळी लावली की काटा वर जातो. म्हणून साहेबांनी काढून ठेवायला सांगितलीय."

मी म्हटलं, लाव. त्याने गेजच्या मागच्या दोन्ही नळ्या लावल्या आणि काटा सरळ २०० च्या पुढे जाऊन उभा राहिला.

त्या क्षणी मला राग आला नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. आनंद झाला. वर्षभर 'मॅडमना सवयच आहे शंका घ्यायची' ऐकून घेतलेल्या बाईला काय वाटलं असेल ते ज्याने असं ऐकून घेतलंय त्यालाच कळेल. मी फोनवर व्हिडिओ काढला, मुलाचा चेहरा येणार नाही असा. मग पाचव्या मजल्यावरचं एएचयू उघडायला लावलं. तिथे पुढची धुवायची जाळी होती, पण मागचे फाइन फिल्टर, जे बदलल्याची तारीख रिपोर्टात होती, त्यांतल्या निम्म्याहून जास्त चौकटी रिकाम्या. हवा जिथे अडथळा कमी तिथून जाते, त्यामुळे सगळी धूळ त्या मोकळ्या चौकटींतून थेट हवा गार करणाऱ्या कॉइलवर. कॉइलच्या पट्ट्या दिसतच नव्हत्या, वर करड्या घोंगडीचा थर बसला होता.

कंत्राटदार दुसऱ्या दिवशी अँपिअर मोजायचा क्लॅम्प मीटर घेऊन आला आणि अध्यक्षांना दाखवू लागला, "बघा साहेब, मोटर पूर्वीपेक्षा कमी अँपिअर घेते. म्हणजे वीज वाचतेय." अध्यक्षांनी मानही डोलावली! हे मी मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण हीच थाप तुमच्याकडेही मारली जाईल आणि मोजलेला आकडा खरा असल्यामुळे ती पचेल. एकाच वेगाने फिरणाऱ्या, पुढे वळलेल्या पात्यांच्या पंख्यासमोर फिल्टर तुंबला की मोटरचा करंट खरंच उतरतो, कारण पंखा हवाच कमी ढकलत असतो. बंद दुकानाचा गल्ला कमी भरतो, त्याला कुणी काटकसर म्हणत नाही. हवा कमी म्हणजे गारवा कमी, मग लोक थर्मोस्टॅट अठरावर नेतात, चिलर जास्त वेळ धावतो, टेबलाटेबलाला पंखे लागतात. मोटरवर वाचलेली वीज दुसऱ्या दाराने दामदुपटीने जाते.

ज्या दोन मजल्यांवर आम्ही व्हीएफडी, म्हणजे पंख्याच्या मोटरचा वेग गरजेप्रमाणे बदलणारी यंत्रणा, बसवली आहे तिथे उलटं होतं. हवा ठरल्याइतकी मिळावी म्हणून पंखा वेग वाढवत राहतो आणि तुंबलेल्या फिल्टरची किंमत थेट मीटरवर दिसते. हिशेब माझ्यासारखीलाही जमतो. १०,००० सीएफएमचं (मिनिटाला इतके घनफूट हवा देणारं) एएचयू म्हणजे सेकंदाला साधारण ४.७ घनमीटर हवा. फिल्टरचा अडथळा १०० पास्कलने वाढला तर ४.७ गुणिले १००, म्हणजे ४७० वॅट नुसत्या हवेला. पंखा, बेल्ट, मोटर यांतली गळती धरली तर ८०० वॅटच्या आसपास. रोज १२ तास, वर्षाला ३०० दिवस धरा, २,८०० च्या वर युनिट होतात. एका एएचयूचे. तुमचा दर बिलावर बघून गुणा आणि बाजूला फिल्टरच्या सेटची किंमत लिहा.

आता काय करायचं ते. कंत्राट कॉम्प्रिहेन्सिव्ह असू दे, पण फिल्टर त्यातून बाहेर काढा. ते सोसायटीने विकत घ्यावेत, आपल्या कुलपात ठेवावेत, कंत्राटदाराने फक्त बसवावेत. बसवताना चौकटीवर मार्करने तारीख आणि त्या दिवशीचं गेजचं रीडिंग लिहायचं. जुने काढलेले फाइन फिल्टर कटरने फाडून मगच भंगारात द्या, नाहीतर ते झटकून-झुटकून दुसऱ्या कुणाकडे, किंवा तुमच्याकडेच, नवे म्हणून येतात. बदलायचं तारखेवर नाही, काट्यावर. आमची धुवायची जाळी नवी असते तेव्हा चाळीस-पंचेचाळीस पास्कल दाखवते, १२५ झाली की काढतो. फाइन फिल्टरला २५० ची हद्द ठेवली आहे. तुमच्या फिल्टरच्या कागदावर कंपनीने आकडा दिलेला असतो, तो बघा. चालू पंख्याला शून्य कधीच येत नाही. आलं तर नळी निघालीय, किंवा फिल्टर फाटलाय, किंवा नाहीच आहे.

धुण्याबद्दल. जाळी धुता येते, फाइन फिल्टर नाही. त्यातल्या बऱ्याच कृत्रिम धाग्यांवर विद्युतभार असतो, तोच बारीक कण पकडतो आणि पाण्याने तो जातो. जाळीवरही गाड्या धुवायचा प्रेशर पंप मारू देऊ नका. धुतल्यावर रीडिंग नव्या जाळीपेक्षाही खाली आलं तर खूश होऊ नका, तिला भोकं पडलीत. आणि ओली जाळी परत बसवायची नाही. पावसाळ्यात 'एसीला वास येतो' अशी तक्रार आली की आधी हे विचारा.

फटींसाठी सोपी तपासणी. एएचयू बंद करून आयसोलेटरला, म्हणजे त्याची वीज तोडणाऱ्या स्विचला, कुलूप घाला, किल्ली स्वतःकडे. मग फिल्टरच्या एका बाजूला टॉर्च लावा, दुसऱ्या बाजूने अंधारात बघा. चौकटीच्या कडेने उजेड दिसला तर तिथून हवाही जाते. गास्केट आणि क्लिपा फार महागाच्या वस्तू नाहीत.

बेल्ट ढिले नाहीत ना, बेअरिंगला ग्रीस आहे ना, ड्रेनची यू-ट्रॅप चोंदली नाही ना, हे सगळे सांगतातच, मीही सांगते. सगळं लेखी घ्या. फोटो तारखेसह घ्या. कमीत कमी रेटला भुलू नका, हेही, पण हे सांगून आमच्या कमिटीने कुठे ऐकलं होतं!

एक सापळा आणखी. पकडला गेल्यावर या गृहस्थाने काय करावं? 'हॉस्पिटल ग्रेड' हेपा फिल्टरचं कोटेशन पाठवलं. नवा कोरा हेपाच २५० पास्कलच्या आसपास अडथळा करतो. जुन्या एएचयूचा पंखा त्यापुढे दमतो आणि आहे तीही हवा जाते. ऑफिसला मर्व्ह १३ (मर्व्ह म्हणजे फिल्टर किती बारीक गाळतो त्याची श्रेणी) चांगला, तोही आपला पंखा आणि मोटर झेपवतील का हे दुसऱ्या माणसाकडून, पैसे देऊन, तपासून घेतल्यावरच. विकणाऱ्याला विचारून काय उपयोग? आमच्याकडे दोन मजल्यांना मर्व्ह १३ चाललं, बाकीच्यांना मर्व्ह ११ वर थांबलो. ताजी हवाही झडप उघडून, मोजून, ठरवून घेतली. पाचव्या मजल्यावरचा तो १८०० चा आकडा आता भरलेल्या मीटिंगमध्येही नऊशेच्या आसपास राहतो. अध्यक्ष हे सर्वांना सांगतात, 'आपण सुधारणा केली' म्हणून. आपण!

कंत्राट रद्द झालं. शेवटच्या बिलात त्याने एक ओळ घातली आहे, 'वापरलेल्या फाइन फिल्टरची विल्हेवाट'. मी ती ओळ लाल शाईने अधोरेखित करून, रिकाम्या चौकटींचा फोटो जोडून बिल परत पाठवलं, आणि विचारलं, कोणते फिल्टर? त्यावर वकिलाची नोटीस आली आहे. उत्तराचा मसुदा मीच केला. अध्यक्षांचं म्हणणं, एवढ्याशा रकमेसाठी कशाला, देऊन टाकू. मी सही करणार नाही.