शेळीचे जंत : मालेगावात खर्च किती येतो?

मालेगावात शेळी पाळायला शेत लागत नाही. दोन खोल्यांचे घर, शेजारी यंत्रमागाचा खडखडाट आणि दारातल्या खुंटीला एक बोकड, हे शहराच्या गल्लीगल्लीत दिसते. बकरी ईदसाठी आणलेला बोकड सात-आठ महिने घरातल्या पोरांच्या हातून पाला खातो. तालुक्यातल्या वस्त्यांवर शेळी म्हणजे अडीनडीला मोडायची ठेव. तक्रार मात्र दोन्हीकडे एकच : खाते भरपूर, पण अंगाला लागत नाही. मग कोणीतरी सांगते, "जंत असतील, बाटली आणून पाज."

माझे सांगणे असे की बाटली शेवटी आणा. आधी डोळा बघा, मग लेंड्या तपासा, मग वजन घ्या. या चारांत बाटलीच स्वस्त वाटते आणि अंदाजाने पाजली तर तीच सगळ्यांत महाग पडते.

डोळा बघायला पैसे लागत नाहीत. सकाळच्या उन्हात जनावर उभे करा, अंगठ्याने खालची पापणी हलकेच खाली ओढा आणि आतल्या बाजूचा रंग पाहा. आपल्या कसमादे पट्ट्यातल्या माणसाला खूण सोपी आहे. डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल असेल तर ठीक. फिकट गुलाबी दिसली तर दवाखाना गाठा. दाण्यांमधल्या पांढुरक्या पडद्यासारखी दिसली तर एक दिवसही थांबू नका. हा काही घरगुती तोडगा नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या पशुवैद्यांनी यावर पाच रंगांचा तक्ता केला, तो 'फमाचा' नावाने जगभर वापरला जातो.

रंग उडतो तो रक्त गेल्यामुळे. शेळीच्या चौथ्या पोटात राहणारा हिमाँकस हा जंत जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर लांब, पण एकेक जंत दिवसाला सुमारे 0.05 मिली रक्त खातो. हजार जंत म्हणजे रोज 50 मिली. तीस किलोच्या शेळीच्या अंगात रक्त असते दोन लिटरच्या आसपास, तेव्हा हिशेब तुम्हीच करा. हगवण लागेलच असेही नाही. लेंड्या नीट पडत असतात, शेळी रवंथ करत असते आणि एक दिवस जबड्याखाली पाण्याची मऊ सूज लोंबते. ती दिसली की वेळ फार थोडा उरलेला असतो. एकेक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. पावसाळी ओलीत आठवडाभरात त्यांच्या अळ्या होतात आणि दवासोबत गवताच्या खालच्या चार-पाच बोटांवर चढून बसतात. म्हणून श्रावणापासून दिवाळीपर्यंतचे दिवस जपायचे.

लेंड्या तपासायला सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नाममात्र फी लागते. खासगी प्रयोगशाळेत शंभर ते तीनशे रुपये धरा. नमुना जमिनीवरून उचलू नका. शेळी लेंड्या टाकते तेव्हाच दहा-बारा ताज्या लेंड्या छोट्या डबीत घ्या, डबीवर जनावराची खूण लिहा आणि त्याच सकाळी पोचवा. लगेच जमणार नसेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फात नको. दवाखान्यात अंड्यांची मोजणी करून मागा. "जंत आहेत" एवढ्या उत्तराने भागत नाही, कारण थोडे जंत प्रत्येक चरणाऱ्या शेळीत असतात. किती आहेत आणि कुठले आहेत, यावर औषध ठरते. जनावर हलवण्यासारखे नसेल तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा टोल फ्री क्रमांक आहे. खासगी डॉक्टर घरी आले तर अंतराप्रमाणे दोनशे ते पाचशे रुपये होतात.

वजनासाठी शिंप्याची टेप पुरे, वीस-तीस रुपयांची. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर इंचात मोजा. मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेराला घेराने गुणा, त्याला लांबीने गुणा आणि 660 ने भागा, किलो निघतात. घेर 28 आणि लांबी 26 असेल तर साधारण 31 किलो. नजरेचा अंदाज बहुधा कमीच निघतो. औषध कमी पडले की कच्चे जंत मरतात, चिवट उरतात आणि पुढची पिढी त्यांचीच होते.

आता बाटली. 2.5 टक्के अल्बेंडाझोलची 100 मिलीची बाटली पन्नास ते शंभर रुपयांत मिळते. शेळीचे शरीर हे औषध मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकते, म्हणून डॉक्टर शेळीला किलोमागे साधारण 10 मिलिग्रॅम देतात. तीस किलोला 12 मिली झाले. एका बाटलीत आठ शेळ्या, म्हणजे शेळीमागे सहा ते बारा रुपये. गाभण राहिल्यापासून पहिला दीड महिना हे औषध देऊ नका, गर्भाला अपाय होतो.

दुकानात याच फळीवर क्लोसँटेल या जंताच्या दुसऱ्या औषधाची बाटली असते. ते 15 टक्क्यांचे असेल तर तीस किलोच्या शेळीला फक्त 2 मिली. एक औषध 12 मिली, दुसरे 2 मिली, आणि दोन्ही बाटल्यांचे टोपण सारखेच! माझ्या घरी हेच घडले. दुकानदार म्हणाला, "सगळी जंताचीच औषधं, एक टोपण पाजा." टोपण दहा मिलीचे, शेळी अठ्ठावीस किलोची. पाचपटीहून जास्त औषध पोटात गेले. तिसऱ्या दिवशी ती गव्हाणीला धडकली. डोळे टक्क उघडे, बाहुल्या मोठ्या झालेल्या, समोर हात हलवला तरी पापणी लवेना. क्लोसँटेलचा डोस फार वाढला की डोळ्यांच्या नसा जातात आणि ती नजर परत येत नाही. पुढे ती करडांच्या आवाजामागे चालायची. दहा रुपयांची सुई नसलेली सिरिंज घरात असती तर ती आज पाहू शकली असती. तेवढी सिरिंज आजच आणून ठेवा.

पाजताना शेळीची मान उंच ओढू नका, तोंड जमिनीला समांतर असू द्या. सिरिंज गालाच्या कडेने जिभेच्या मागच्या भागावर न्या आणि सावकाश सोडा. ठसका लागला तर थांबा. औषध फुप्फुसात गेले तर जनावर जंतांऐवजी न्यूमोनियाने जाईल.

दोन ठिकाणी लोकांचे पैसे हमखास वाया जातात. दोन-तीन महिन्यांच्या करडाला चिकट, कधी रक्ताळ हगवण लागते तेव्हा घरचे जंताचे औषध पाजतात आणि आठवड्याने पुन्हा पाजतात. ही हगवण बरेचदा कॉक्सिडियाची असते. तो जंत नव्हे, डोळ्यांना न दिसणारा एकपेशीय जीव आहे, आणि जंताच्या औषधाने त्याला काही होत नाही. त्याला सल्फा किंवा अँप्रोलियमसारखे वेगळे औषध लागते, ओला गोठा कोरडा करावा लागतो. तपासणीत हे पाच मिनिटांत कळते. दुसरे ठिकाण गिरणा-मोसमच्या कालव्यांकाठचे. पाणथळीतल्या गोगलगायीमुळे यकृतातले चपटे कृमी होतात. त्यांच्यात जबड्याखाली तशीच सूज येते, पण नेहमीच्या डोसमधले अल्बेंडाझोल त्यांना पुरत नाही. शेळी कुठे चरते, हे डॉक्टरांना विचारण्याआधीच सांगा.

शहरातल्या दारी बांधलेल्या बोकडाचा वर्षाचा हिशेब फार नाही. तो जमिनीवरचे गवत खात नाही, टांगलेला पाला आणि भुसा खातो, त्यामुळे त्याला जंत कमी लागतात. दर तीन महिन्यांनी ठोकून औषध द्यायची गरज नाही. आणल्याबरोबर एक तपासणी, पावसाळ्यानंतर दुसरी, लागले तर एक डोस : सरकारी दवाखान्यात पन्नास-शंभर रुपयांत, खासगीत पाचशे-सातशेत वर्ष निघते. चरायला जाणाऱ्या दहा शेळ्यांना मिश्र नमुन्याच्या तीन-चार तपासण्या, दोन-तीन बाटल्या आणि डॉक्टरांची एक फेरी धरून दीड-दोन हजार ठेवा. व्यायलेल्या शेळीकडे विशेष लक्ष द्या, कारण त्या दिवसांत तिची ताकद दुधात जाते आणि जंतांची अंडी वाढतात. औषधानंतर दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा लेंड्या तपासा. अंडी 95 टक्क्यांनी उतरली नाहीत तर त्या औषधाला तुमच्या गोठ्यातले जंत सरावलेत, दुसऱ्या गटाचे औषध मागा. हा शंभर-दोनशेचा खर्च लोक टाळतात आणि वर्षानुवर्षे निकामी औषध विकत घेतात.

बोकड ईदसाठी असेल किंवा विकायचा असेल तर औषधाच्या वेष्टनावरचा मांस न वापरण्याचा काळ आधी वाचा. काही औषधांचा तो दोन आठवड्यांच्या आत असतो, क्लोसँटेलसारख्यांचा चार आठवडे किंवा त्याहून जास्त. मी गोठ्याच्या दारावर खडूने जनावराची खूण, औषध, मिली आणि तारीख लिहिते. घेणारा आला की त्याला दार दाखवते.