बिबट्या हसरा काढू की खरा?

प्रश्न : मी अंगणवाडीतल्या मुलांसाठी प्राण्यांचं चित्रपुस्तक करते आहे. बिबट्या हुबेहूब काढला तर मुलं घाबरतील, हसरा काढा, असं सगळे म्हणतात. काय करू?
– एक शिक्षिका, निफाड (जि. नाशिक)

उत्तर : ताई, खराच काढा. मुलं घाबरतात ती विचकलेल्या दातांना, हुबेहूबपणाला नव्हे. पिल्लाला चाटणारी मादीही तितकीच खरी असते. तुमच्याकडे ती उसाच्या फडातच पिल्लं घालते, म्हणून मागे जंगल नको, ऊस दाखवा. सदरा घातलेला हसरा बिबट्या गोष्टीत शोभतो. पण फडाशेजारी राहणाऱ्या मुलाला तो खेळगडी वाटावा, हे मला फार धोक्याचं वाटतं.

ठिपके मात्र जपून काढा. बिबट्याच्या अंगावर फुलासारखी पोकळ वर्तुळं असतात. भरीव ठिपके आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत उतरणारी काळी रेघ ही चित्त्याची खूण. छापील पुस्तकांतही ही गफलत होते.

चांगली छायाचित्रं समोर ठेवा. निरीक्षणासाठी फडात जाऊ नका. आणि शेवटच्या पानावर एवढं छापाच : पिल्लू दिसलं तर हात लावायचा नाही, मोठ्या माणसांना सांगायचं, वनविभागाचा क्रमांक १९२६.