सिकलसेलची तपासणी : नळीतील रसायन आणि समाजातील कलंक



सक्करदऱ्यातील आपल्या या परिसरातून मेडिकल फार दूर नाही. दहावी-बारावीनंतर प्रयोगशाळा तंत्रज्ञ होण्याचे स्वप्न तुमच्यापैकी अनेकजण पाहतात. हा पाठ त्यांच्यासाठी आहे. इतिहासाच्या शिक्षकाने रक्ताच्या रसायनावर का लिहावे, असा प्रश्न कुणी विचारील. विदर्भातील प्रयोगशाळांत ज्याची तपासणी नित्य करावी लागते, त्या सिकलसेलचे अर्धे उत्तर रसायनशास्त्रात आहे आणि अर्धे इतिहासात, हेच त्याचे कारण.

रोगाचे रसायन

विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशींचे वर्णन १९१० साली शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी प्रसिद्ध केले. दोष पेशीत नसून हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे, हे १९४९ साली लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले. पुढे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी नेमकी जागा दाखविली. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. एवढ्या एका बदलामुळे प्राणवायू सोडलेले हिमोग्लोबिन एस परस्परांना चिकटून लांब तंतू बनविते, पेशी ताठर होते आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकते. रुग्णाच्या असह्य वेदनांचे मूळ तेथे आहे.

पहिली चाचणी : विद्राव्यता

सोल्युबिलिटी चाचणी याच गुणधर्मावर आधारलेली आहे. तीव्र फॉस्फेट बफरमध्ये सॅपोनिन व सोडियम डायथायोनाइट मिसळलेले असते. सॅपोनिन पेशी फोडते, डायथायोनाइट प्राणवायू काढून घेते. अशा स्थितीत हिमोग्लोबिन एस विरघळत नाही व द्रावण गढूळ होते. काळ्या रेघांच्या कागदापुढे नळी धरावी. रेघा स्पष्ट दिसल्या तर चाचणी नकारात्मक, दिसेनाशा झाल्या तर सकारात्मक.

डायथायोनाइट हवेच्या संपर्काने निकामी होते; म्हणून द्रावण ताजे असावे आणि प्रत्येक वेळी ज्ञात सामान्य व ज्ञात वाहक असे दोन नमुने सोबत तपासावेत. सहा महिन्यांखालील बालकात हिमोग्लोबिन एफ अधिक असते. तेथे ही चाचणी फसवी ठरते. तीव्र रक्तक्षय किंवा नुकतेच दिलेले रक्त यांमुळेही ती चुकू शकते.

दुसरी चाचणी : विद्युत्‌ क्षेत्रातील वाट

गढूळ नळी 'एस आहे' एवढेच सांगते. व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे ती सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस करावे लागते. ग्लुटामिक आम्लावर ऋण प्रभार असतो, व्हॅलिनवर नसतो. म्हणून अल्कधर्मी माध्यमात हिमोग्लोबिन एस हे ए पेक्षा सावकाश धन ध्रुवाकडे सरकते. वाहकात ए आणि एस असे दोन पट्टे दिसतात. रुग्णात ए चा पट्टा नसतो. एचपीएलसी यंत्र प्रत्येक प्रकाराचे प्रमाणही देते.

या दोन चाचण्यांमधील अंतर एखाद्या मुलीच्या आयुष्याएवढे मोठे असू शकते. वाहक व्यक्ती सामान्यतः निरोगी आयुष्य जगते. केवळ पहिल्या चाचणीवर तिला 'सिकलसेलची रुग्ण' म्हटले, तर तिचे लग्न मोडू शकते. दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत अपत्य रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. एकच वाहक असेल आणि दुसऱ्याचे हिमोग्लोबिन पूर्णतः सामान्य असेल, तर ही भीती नसते. हे समजावून सांगणे समुपदेशकाचे काम आहे. त्याच्या हाती अचूक अहवाल देणे तंत्रज्ञाचे.

रोगाला जात नसते

नागपूर परिसरातील सिकलसेलची नोंद १९५८ साली डॉ. शुक्ला व डॉ. सोळंकी यांनी 'लॅन्सेट'मध्ये केली. तेव्हापासून हा 'अमुक जातीचा रोग' अशी कुजबुज ऐकू येते. ती अशास्त्रीय आहे. हे जनुक आफ्रिकेत, अरबस्तानात, भूमध्य सागराच्या काठी आणि आपल्या आदिवासी भागांतही आढळते. वाहकाला तीव्र हिवतापापासून संरक्षण मिळते, हे ॲलिसन यांनी १९५४ साली दाखविले. हिवतापाच्या प्रदेशात पिढ्यानपिढ्या राहिलेल्यांच्या रक्तात ते टिकले. त्यात अशुद्धतेचा लवलेश नाही.

मग ते ठराविक समूहांतच का साचून राहिले? ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी सजातीय विवाह हा जातिसंस्थेचा प्राण असल्याचे प्रतिपादन केले होते. तो निबंध समाजशास्त्राचा होता, जनुकांचा नव्हे. परंतु समूहाभोवतीची ती भिंत जनुकांनाही आतच ठेवते आणि दोन वाहकांची गाठ पडण्याचा संभव वाढविते. जो कलंक समाज रक्ताला लावतो, त्यात समाजाच्याच विवाहनियमांचा वाटा आहे.

मित्रहो, ऐकीव गोष्टीवर वा परंपरेवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, ही तथागतांची कालामांना शिकवण होती. नळीवरील नाव दोनदा वाचा, नियंत्रण नमुना टाळू नका, दुसऱ्या चाचणीवाचून कुणालाही रुग्ण ठरवू नका आणि अहवाल ज्याचा त्यालाच द्या. प्रयोगशाळेच्या टेबलाशी धम्म याच रूपात आचरता येतो.