बाळाची दुसरी भूक

तान्हें मूल रडूं लागलें कीं घरांतील वडील माणसें प्रथम विचारतात, "त्यास भूक लागली काय?" प्रश्न योग्यच आहे. परंतु पोट भरल्यावरही तें किरकिरूं लागलें, तर त्यास दुसरी कसली भूक लागली असेल, असें विचारण्याची चाल आपल्यांत फारशी नाहीं. पोट भरलें म्हणजे बुद्धि आपोआप वाढते, ही समजूत घरोघरीं आहे. तिची परीक्षा वेस्ट इंडीजमधील जमैका बेटांत झाली, ती हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांतून १९८६-८७ सालीं उंची खुंटलेलीं १२९ मुलें निवडण्यांत आलीं. त्यांचीं वयें नऊ ते चोवीस महिन्यांचीं होतीं. डॉ. सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर व त्यांचे सहकारी यांनीं त्यांचे चार वर्ग केले. एका वर्गास दर आठवड्यास दुधाचें एक किलो पोषक अन्न मिळे. दुसऱ्या वर्गाच्या घरीं आठवड्यांतून एकदां आरोग्यसेविका तासभर बसे, आणि मुलाशीं कसें खेळावें व बोलावें हें आईस दाखवी. तिसऱ्यास दोन्ही मिळत, चौथ्यास दोहोंपैकीं कांहीं नाहीं. खेळणीं विकतचीं नव्हतीं. टाकाऊ वस्तूंपासून घरगुती रीतीनें केलेलीं होतीं. सेविका तीं घरीं ठेवून जाई, व पुढल्या खेपेस बदलून दुसरीं आणी.

दोन वर्षांनीं पाहतां, आहार मिळालेलीं मुलें सुधारलीं होतीं, खेळ मिळालेलींही सुधारलीं होतीं. आणि ज्यांस दोन्ही मिळालीं तीं सर्वांत पुढें होतीं. हें १९९१ सालीं प्रसिद्ध झालें. परंतु खरें नवल पुढेंच आहे. तींच मुलें बावीस वर्षांचीं झाल्यावर त्यांचा शोध घेण्यांत आला, तेव्हां लहानपणीं खेळ मिळालेल्यांची कमाई इतरांपेक्षां सुमारें शेंकडा २५ अधिक भरली. केवळ आहार मिळालेल्यांत तसा फरक उरला नव्हता.

यावरून आहाराचें महत्त्व कमी, असा अर्थ कोणीं करूं नये. तान्ह्या मुलाच्या अन्नांतील निम्म्याहून अधिक शक्ति एकटा मेंदूच खर्चीं घालतो. पहिले सहा महिने आईचें दूध पुरेसें असतें, पाणीही नको. त्यानंतर मात्र जन्मतः सांठविलेलें लोह सरत येतें, व दुधांतून तें फारसें मिळत नाहीं. लोह कमी पडलें तर मूल मलूल होतें व शिकण्यांत मागें राहतें. म्हणून दूध चालू ठेवून मऊ भात, घट्ट वरण, घोटलेली पालेभाजी, अंडें, कुस्करलेली मासळी द्यावी. वरणाचें नुसतें पाणी देऊन समाधान मानणाऱ्या माता आम्हीं पुष्कळ पाहिल्या आहेत! अन्न चमच्यावरून ओघळणार नाहीं इतकें घट्ट असावें. चहांत बुडविलेलें बिस्किट देण्याची रीत तर सोडावीच. चहानें अन्नांतील लोह अंगीं लागत नाहीं.

आतां खेळाविषयीं. शेतावर राबणारी आई म्हणेल, "मला तासभर वेळ कोठला?" तक्रार खरी आहे. पण जमैकांतील त्या आयाही गरीबच होत्या. वेगळा वेळ काढण्याची गरज नाहीं. न्हाऊं घालतांना हात, पाय, नाक यांचीं नांवें घ्यावीं; भाजी निवडतांना पातेलें व पळी मुलापुढें ठेवावी; त्यानें "बा" म्हटलें कीं आपणही "बा" म्हणावें व उत्तराची वाट पाहावी. हें काम आजी, आजोबा, बाप, कोणींही करावें. मोबाइल हातीं दिल्यानें मूल गप्प बसतें खरें. परंतु त्याच्या "बा"स तो उत्तर देत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं, दोन वर्षांच्या आंतील मुलांस पडद्यापुढें बसवूंच नये, असा सल्ला दिला आहे.

अंगणवाडींतून शिधा आणण्याची आठवण सर्वांस राहते. त्याच वेळीं, "या वयाच्या मुलास काय खेळवावें?" असेंही सेविकेस विचारावें. रिकाम्या बाटलींत चार खडे घातले तरी उत्तम खुळखुळा होतो. मात्र झांकण दोऱ्यानें घट्ट बांधून, तें मुलाच्या हातानें निघत नाहीं अशी खात्री करून मगच तो द्यावा.