ऑनलाइन मेळाव्यासाठी बोलताना आणि मुलाखत घेताना

वाचन : लूक 24:13-24



अम्माऊसच्या वाटेवरचा प्रसंग पास्काच्या काळात आपण दरवर्षी ऐकतो. दोन शिष्य उदास मनाने यरुशलेम सोडून निघाले आहेत. वाटेत एक प्रवासी त्यांना गाठतो आणि काय बोलत चालला आहात, असे विचारतो. क्लयपा त्याला जरा फटकारतोच; शहरात एवढे घडले आणि ते तुलाच ठाऊक नाही काय! ज्याच्या बाबतीत हे सारे घडले तोच समोर उभा आहे. त्याने ठरवले असते तर एका वाक्यात सर्व उलगडून सांगितले असते. पण प्रभू येशू एवढेच विचारतो की काय घडले? मग तो गप्प राहतो. वधस्तंभ, तुटलेली आशा, पहाटे कबरेकडे गेलेल्या स्त्रिया, सारे शिष्य सांगतात. तो मध्ये एकदाही त्यांना तोडत नाही. तो बोलतो ते त्यांचे संपल्यावर.

मेळाव्याची तयारी करताना हे वाचन आम्ही मुद्दाम निवडले आहे, कारण आमच्या हातून घडलेली एक चूक सांगायची आहे. मागच्या वेळी आपल्यातील एका वयोवृद्ध बाबांची मुलाखत घ्यायला आम्ही त्यांच्या घरी गेलो होतो. वसईहून सिडकोच्या एका खोलीत संसार मांडलेल्या पहिल्या कुटुंबांपैकी ते एक. बाबा तासभर बोलले. घरी येऊन पाहतो तर रेकॉर्डिंग अकरा मिनिटांचेच. मध्येच कुणाचा तरी फोन आला आणि रेकॉर्डिंग थांबले, ते आमच्या ध्यानातच आले नव्हते. त्या अकरा मिनिटांतली सात आमचीच होती. प्रस्तावना, कौतुक आणि लांबलचक प्रश्न. पुन्हा जाऊ म्हणता म्हणता आगमनकाळ आला आणि बाबा देवाघरी गेले. परदेशी असलेल्या त्यांच्या मुलीला द्यायला आमच्याकडे त्यांच्या आवाजाची चार मिनिटे आहेत.

म्हणून यंदा निघण्यापूर्वी फोन ‘एअरप्लेन मोड’वर ठेवायचा. फोनमध्ये जागा किती आहे आणि बॅटरी किती आहे ते पाहायचे. एक मिनिट रेकॉर्ड करून ते कानाला इअरफोन लावून ऐकायचे. नुसते वाजवून भागत नाही. पंख्याची घरघर आणि शेजारच्या कुकरची शिट्टी इअरफोनवरच कळते. आपल्या घरांत फरशी आणि उघड्या भिंतींमुळे आवाज घुमतो. पलंगावर गादी, खिडकीला जाड पडदा किंवा दारावर टाकलेली चादर एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. बोलणाऱ्याचे तोंड खिडकीकडे असावे, पाठ नव्हे. आवाजासाठी दुसरा फोन हातभर अंतरावर, त्याच पलंगावर उशीवर ठेवला तर उत्तम. चित्र बिघडले तरी चालते, आवाज गेला की सगळे गेले. दर दहा मिनिटांनी रेकॉर्डिंग चालू आहे ना, याकडे नजर टाकण्याचे काम एकाने घ्यावे. प्रश्न विचारणाऱ्याला ते जमत नाही, हे आम्ही अनुभवाने शिकलो आहोत.

आता प्रश्नांविषयी. ‘आपल्या श्रद्धेविषयी तरुणांना दोन शब्द सांगा’ असे म्हटले की माणूस उपदेश करू लागतो आणि त्याचा स्वतःचा आवाज हरवतो. त्याऐवजी असे विचारा : वाशीपर्यंत लोकल 1992 साली आली, त्याआधी तुम्ही नाताळात गावी कसे जात होता? पहिली मिस्सा कुणाच्या घरी झाली आणि बसायला काय अंथरले होते? मावशी, माहेरची कुठली प्रार्थना अजून तोंडात आहे? आपल्यात कुणी वसईची सामवेदी बोलणारे, कुणी अहमदनगरकडचे (आता अहिल्यानगर), कुणी गोव्याचे. ज्या बोलीत ते घरी बोलतात त्याच बोलीत बोलू द्या. शुद्ध मराठीचा आग्रह धरू नका. उत्तर संपल्यावर मनातल्या मनात पाच अंक मोजा. बहुतेक वेळा खरी गोष्ट त्या शांततेनंतर येते. पोप फ्रान्सिस यांनी 2022च्या जागतिक संपर्कमाध्यम दिनासाठी हृदयाच्या कानाने ऐकणे हाच विषय दिला होता.

संत लूक स्वतः शुभवर्तमानाच्या आरंभी थियफिलाला सांगतो की, डोळ्यांनी पाहिलेल्यांनी जे सोपवले त्याचा आपण मुळापासून शोध घेतला आहे. म्हणजे तोही कुणाकुणापाशी जाऊन बसलाच असेल.

मुलाखतीत कधी घरातली भांडणे निघतात, कधी दिवंगतांविषयी कटू शब्द येतात. तेव्हा रेकॉर्डिंग थांबवावे. काय दाखवावे आणि काय नाही, हे बोलणाऱ्यालाच विचारावे, आणि मेळाव्याआधी ती मुलाखत त्याला एकदा ऐकवावी. कापताना वाक्याचा अर्थ बदलणार नाही याची काळजी घ्यावी. लहान मुलांचे चित्रण पालकांना विचारल्याशिवाय नको.

जे प्रवचन किंवा माहितीपर भाषण रेकॉर्ड करणार आहेत, त्यांना एकच आठवण. त्रोवस येथे पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि खिडकीत बसलेला युतुख डुलकी लागून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला (प्रेषितांची कृत्ये 20:9). पौलाने त्याला उठवले. आपल्याला ते जमणार नाही. सात मिनिटे पुरेत. सावकाश बोलले तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात, म्हणजे सातशे शब्दांचा मजकूर लिहा, एकदा मोठ्याने वाचा आणि जीभ अडखळते तिथे वाक्य तोडा. नंतर कागद बाजूला ठेवून फक्त मुद्दे समोर ठेवा. नजर पडद्यावरच्या स्वतःच्या चेहऱ्याकडे न जाता कॅमेऱ्याच्या भिंगाकडे असू द्या.

रेकॉर्डिंग व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवले की ते दाबले जाते व अस्पष्ट होते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा पेन ड्राइव्हवर आणून द्या, आणि मूळ प्रत फोनमधून लगेच पुसू नका. मेळाव्यात झूमवर व्हिडिओ दाखवताना आवाज पाठवण्याची वेगळी खूण करावी लागते. ती राहिली तर सर्वांना हलणारे ओठ तेवढे दिसतात.

काही जण विचारतात, मग आजारी नसलेल्यांनीही मिस्सा घरी बसूनच का पाहू नये? 2020च्या टाळेबंदीत पडद्यावरच्या मिस्साने आपल्याला धीर दिला, हे खरे. पण इंटरनेटवर संस्कार होत नाहीत आणि ख्रिस्तप्रसादातील प्रभूच्या खऱ्या उपस्थितीची जागा पडदा घेऊ शकत नाही, हे व्हॅटिकनच्या संपर्कमाध्यमविषयक परिषदेने 2002 सालीच स्पष्ट केले होते. मेळावा ही ओळखीची आणि आठवणींची बैठक आहे. तिला तेवढेच मानावे.

ज्यांच्या घरी ऐंशीच्या पुढचे आजी-आजोबा आहेत त्यांनी येत्या रविवारी मिस्सानंतर सभागृहात नावे द्यावीत. सकाळी त्यांना कोणत्या वेळी बरे वाटते, कोणत्या कानाने ऐकू येते आणि घरी कोणती बोली चालते, तेही लिहून द्यावे. जुने फोटो असतील तर सोबत आणावेत. फोटो हातात दिला की बोलणे आपोआप सुरू होते. आम्ही दोघे-दोघे येऊ, एक विचारायला आणि एक फोनकडे पाहायला.